देवाशी भांडा, पण अबोला धरू नका

देवाला 'का?' म्हणून विचारायचं नसतं, ही शिकवण आपल्या मंडळीत लहानपणापासून कानावर पडते. घरातलं कर्तं माणूस गेलं, लेकराला न बरा होणारा आजार निघाला, सातपूरच्या कारखान्यातून एका दिवसात कमी केलं, काढणीला आलेल्या बागेवर गारा पडल्या, तरी तोंडातून तक्रारीचा शब्द निघता कामा नये. निघाला तर विश्वास कच्चा. रविवारी उपासना सुटल्यावर कुणी 'कसं काय?' विचारलं की 'प्रभूच्या कृपेनं बरं आहे' म्हणायचं आणि चप्पल शोधायला लागायचं. आत जे जळत असेल ते जसंच्या तसं घरी न्यायचं.

मी पाळक नाही, धर्मगुरू नाही. नाशिकरोडला राहणारा, आजाऱ्याच्या आणि मयताच्या घरी जाऊन बसणारा मंडळीतला एक साधा माणूस आहे. या बसण्यातून आणि पवित्र शास्त्राच्या वाचनातून माझं जे मत झालंय ते तुमच्यापुढे ठेवतो. दुःखातल्या माणसाने आपली तक्रार देवाकडेच न्यावी, रागाने न्यायची वेळ आली तर रागाने न्यावी, आणि बाकीच्यांनी त्याच्या वाटेत उभं राहू नये. मी तरी भरवसा यालाच म्हणतो.

वाटेत आपण कसे उभे राहतो ते बघा. दफनविधी उरकून माणसं घरी आलेली असतात. मंडपवाल्याकडून आणलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या दारात मांडलेल्या. शेजारणीने चहाचं पातेलं चढवलेलं. आत बाई भिंतीला पाठ टेकून बसलेली, मांडीवर नवऱ्याचा चष्मा. एकेक जण आत जातो, वाकतो आणि बोलतो. 'देवाची इच्छा.' 'चांगली माणसं प्रभूला लवकर हवी असतात.' 'रडू नका, ते आता प्रभूच्या घरी आहेत.' 'मुलांकडे बघा, खंबीर राहा.' बाई प्रत्येकाला मान हलवते. तिला खरं तर एवढंच विचारायचं असतं, की रात्री दोन वाजता छातीत कळ आली आणि गाडी मिळता मिळेना, तेव्हा तुमचा प्रभू कुठे होता? ते विचारायची सोय आपण ठेवलेली नसते. दहा मिनिटांत चार वचनं ऐकवून आपण बाहेर येतो, चहा पितो आणि म्हणतो, बाई फार विश्वासाची आहे हो, एक शब्द बोलली नाही.

आता ईयोबाचं पुस्तक काढा. आपल्याला त्यातले पहिले दोन अध्याय तेवढे पाठ असतात: गुरंढोरं गेली, मुलंबाळं गेली, अंगभर फोड उठले तरी ईयोबाने देवाचं नाव धन्य म्हटलं. प्रवचन बहुतेक वेळा तिथेच थांबतं. पुस्तकाचे अध्याय बेचाळीस आहेत. तिसऱ्या अध्यायात ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि पुढे तीसेक अध्याय तो देवाला अक्षरशः कोर्टात खेचतो. त्याच्याकडे आलेले तीन मित्र सुरुवातीला फार शहाण्यासारखे वागले होते. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्यासोबत जमिनीवर बसले, एक अक्षर बोलले नाहीत. मग त्यांनी तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. देव न्यायी आहे, म्हणजे तुझंच काहीतरी चुकलं असणार, हे त्यांचं म्हणणं. ऐकायला किती धार्मिक! पण पुस्तकाच्या शेवटी देव कुणावर संतापतो? त्याची बाजू घेणाऱ्या या मित्रांवर. माझ्याविषयी ईयोब बरोबर बोलला, तुम्ही बोलला नाहीत, असा त्याचा निवाडा आहे. आणि त्यांची क्षमा व्हावी म्हणून प्रार्थना कुणी करायची, तर ईयोबाने. मयताच्या घरी जाण्यापूर्वी आपण सगळ्यांनी हा शेवटचा अध्याय वाचून जावा असं मला फार वाटतं.

स्तोत्रसंहितेचंही तेच. दीडशे स्तोत्रांतला मोठा हिस्सा गाऱ्हाण्यांचा आहे. किती दिवस विसरणार आहेस, झोपलास काय, तोंड का फिरवलंस, असं देवाला थेट विचारलेलं आहे. बहुतेक गाऱ्हाणी शेवटी स्तुतीकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र मात्र वळत नाही; ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. हे स्तोत्र कुणी गाळलं नाही, त्याला गोड शेवट जोडला नाही. देवाच्या लोकांनी ते शेकडो वर्षं प्रार्थना म्हणून म्हटलंय. आपल्या उपासनेत मात्र कीबोर्ड आणि ड्रमपॅड आल्यापासून टाळ्यांचीच गाणी वाढलीत. टाळ्यांना माझी ना नाही. पण परवाच ज्याने बायकोला माती दिली, त्याने त्या रविवारी काय गायचं?

आणि खुद्द प्रभू? गेथशेमाने बागेत त्याने पित्याकडे हा प्याला टळावा म्हणून विनवणी केली. सोबतीला जागं राहा म्हणून मित्रांना सांगितलं, तर ते झोपले. वधस्तंभावर त्याने बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात उच्चारली, म्हणजे तू मला का सोडलंस हाच प्रश्न देवाला केला. ज्याला आपण देवाचा पुत्र म्हणतो त्याच्याच तोंडी 'का' आहे. मग आपल्या तोंडचा 'का' पाप कसा होईल?

याला पुस्तकी बोलणं म्हणाल, म्हणून आपल्याच नाशिकची बाई सांगतो. लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८, नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या घरातला. कवी नारायण वामन टिळकांशी लहानपणी लग्न झालं. टिळक मोठे कवी होते, मोठ्या मनाचे होते आणि संसाराला विलक्षण अवघड होते. आज इथे, उद्या तिथे. पैसा टिकायचा नाही. राग आला की घर सोडून जायचे. मुलगा विद्यानंद लहानपणीच गेला. त्यात फेब्रुवारी १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या काळच्या कर्मठ ब्राह्मण घरातल्या बाईवर हा काय प्रसंग असेल याची कल्पना करा: नवरा जिवंत, पण समाजाच्या लेखी गेल्यातच जमा, पदरात लहानगा दत्तू, आणि नातेवाइकांच्या आसऱ्याने पंढरपुरात दिवस काढायचे. वेड लागायची पाळी आली होती. हे मी रंगवून सांगत नाही, त्यांनी स्वतः 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहून ठेवलंय. काही वर्षांनी त्या टिळकांकडे परतल्या, पण ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. कुणी घाई केली म्हणून त्या हलणाऱ्या नव्हत्याच. स्वतःच्या मनाशी भांडून, आपल्या वेळेने, १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी निघालं. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत ते गणलं जातं आणि ते एका ख्रिस्ती बाईचं आहे याचा आपल्याला अभिमान असतो. पण मंडळीत ते वाचणारे किती? वाचलं तर लक्षात येईल की आपण ज्याला 'साक्ष' म्हणतो तसलं ते पुस्तकच नव्हे. आपल्या साक्षी एका साच्यातल्या असतात: आजारी होतो, डॉक्टरांनी हात टेकले, पास्टरांनी प्रार्थना केली, बरा झालो, हालेलुया. लक्ष्मीबाई नवऱ्याच्या लहरीपणावर चिडतात, उपासमार सांगतात, लेकरू गेल्याचं सांगतात, आणि पुढच्याच पानावर स्वतःच्या फजितीची गोष्ट सांगून आपल्याला हसवतात. दुःखाला त्या लगेच धडा चिकटवत नाहीत. देवाने हे अमुक कारणासाठी केलं, असा हिशोब मांडत बसत नाहीत. त्यांचा विश्वास हिशोबात दिसत नाही, त्यांनी पुढे काय केलं त्यात दिसतो.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. येशूच्या जीवनावरचं त्यांचं महाकाव्य 'ख्रिस्तायन' सुरुवातीच्या दहा-अकरा अध्यायांवर अडलं होतं. घरीच जेमतेम लिहा-वाचायला शिकलेल्या या बाईने पुढचे साठाहून अधिक अध्याय रचून ते पुरं केलं. वैधव्य, पैशांची चणचण, मुलाच्या नोकरीपायी कराचीपर्यंतची वणवण, या सगळ्यात. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या नाशिकमध्ये वारल्या. त्यांना 'खंबीर राहा' असं कुणी ऐकवलं असतं तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं, हे 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या माणसाला सांगायला नको.

कधी कधी दुःखापेक्षा दुःखाची कारणमीमांसा जास्त छळते. 'घरात काही पाप असेल.' 'दशांश वेळेवर देत नव्हते.' 'सैतानाला दार उघडं ठेवलं असणार.' हे बोलणारे लोक आपल्यातच आहेत आणि त्यांची कुजबुज आजाऱ्याच्या कानापर्यंत बरोबर पोचते. जन्मांध माणूस दिसला तेव्हा शिष्यांनीही हेच विचारलं होतं: पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशूने दोन्ही पर्याय फेटाळले. आपल्या नाशिकच्या शरणपूरचंच उदाहरण घ्या. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम प्राइस यांनी ती वस्ती उभी केली. पुढे तिथे आफ्रिकेतली मुलं आणली गेली. गावावर धाड घालून पळवलेली, विकलेली, गुलामांच्या जहाजातून इंग्रजी आरमाराने सोडवलेली मुलं. आईबाप कुठे, गाव कुठलं, कशाचा पत्ता नाही. त्यांना इथे लिहा-वाचायला आणि सुतारकी-लोहारकीसारखे धंदे शिकवले. त्यांतला जेकब वेनराइट पुढे मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या मोहिमेवर गेला. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या जंगलात वारला तेव्हा दफनविधीची प्रार्थना म्हटली ती आपल्या नाशिकच्या शाळेतल्या या मुलाने. सोबत्यांनी ते शव शेकडो मैल किनाऱ्यापर्यंत वाहून नेलं आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याला खांदा देणाऱ्यांत जेकब होता. मिशनऱ्यांनी त्या मुलांवर आपली नावं, आपले कपडे लादले, हेही खरंच. पण मला विचारायचंय ते वेगळं. सात-आठ वर्षांचं पोर साखळीत बांधून विकलं गेलं, ते त्याच्या कुठल्या पापामुळे? पाप विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं होतं. जगातलं पुष्कळसं दुःख असं दुसऱ्याच्या पापाचं असतं, आणि उरलेल्याचं कारण आपल्याला कळत नाही. कळत नाही असं म्हणायला लाजू नये.

इथे एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगतो. नवरा दारू पिऊन मारतो आणि बाई मार्गदर्शनासाठी वडीलधाऱ्यांकडे येते, तेव्हा 'तुझा वधस्तंभ आहे, उचल' असं सांगणं हा वचनाचा सरळ गैरवापर आहे. प्रभूने आपला वधस्तंभ स्वतःहून घेतला होता. कुणाच्या हाताखाली मार खात राहणं याला शास्त्रात वधस्तंभ म्हटलेलं नाही. अशा बाईला प्रार्थना द्या, आसरा द्या आणि महिलांसाठीचा १८१ हा नंबरही द्या.

नवसाचं बोलू. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. मुंबई, वसई, गोव्याहून गाड्या भरभरून लोक येतात, त्यात ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ. मेणबत्त्या, रांगा, कडेवर लेकरं, हातात चिठ्ठ्या. मूल होऊ दे, नोकरी लागू दे, किडनी जुळू दे. कुणी या गर्दीला भाबडी म्हणून हसतं, मी हसणार नाही. गरजवंताने मागायचं नाही तर काय करायचं? काम झालेले पुढच्या वर्षी नवस फेडायला येतात आणि त्यांची गोष्ट सगळ्यांना ऐकू येते. ज्यांचं काम झालं नाही ते घरी बसतात, त्यांची गोष्ट कुणी विचारत नाही. मला त्यांच्याशी बोलायचंय. तुमची प्रार्थना कमी पडली नाही. पौलाने अंगातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि तो निघाला नाही. उत्तर मिळालं ते वेगळंच, की तुला माझी कृपा पुरे. पौलाचा विश्वास कच्चा होता असं म्हणायची कुणाची छाती आहे? तेव्हा यंदा यात्रेला पुन्हा या. काही फेडायला नाही, काही मागायलाही नाही. नुसतं येऊन त्याला सांगा, की तू ऐकलं नाहीस आणि मला फार लागलंय.

आता ज्यांना सगळंच नको झालंय त्यांच्यासाठी. एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवून आला आणि लगेचच ईजेबेल राणीच्या धमकीने रानात पळाला. रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणाला, पुरे झालं, माझा जीव घे. देवाने त्याला काय केलं? झापलं नाही. वचन ऐकवलं नाही. विश्वास वाढव म्हटलं नाही. तो झोपला, त्याला झोपू दिलं. मग देवदूताने त्याला हलवून उठवलं; उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई होती. खाऊन तो परत झोपला. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घातलं, कारण वाट लांबची होती. देव त्याच्याशी बोलला तो त्यानंतर, कितीतरी दिवसांनी, होरेब डोंगरावर, आणि तेही हलक्या आवाजात.

मरावंसं वाटणाऱ्या माणसाला देवाने आधी झोप दिली आणि भाकर दिली. आपण काय करतो? उपास धरायला लावतो. रात्रभर जागून प्रार्थना घेतो. आणि काही ठिकाणी तर गोळ्या बंद करायला सांगतो, 'औषध घेतलं म्हणजे विश्वास नाही' म्हणून. हे पाप आहे आणि यात माणसं मरतात. रक्तदाबाची गोळी घेऊन आपण उपासनेला बसतो तेव्हा विश्वासाला बाधा येत नाही, मग मनाच्या आजाराच्या गोळीनेच का यावी? लूक स्वतः वैद्य होता, पौलाने त्याचा उल्लेख प्रिय वैद्य म्हणून केलाय. झोप उडाली, जेवण जात नाही, कशात मन लागत नाही, मेलेलं बरं असं वारंवार मनात येतं, असं दोन-तीन आठवडे चाललं तर डॉक्टर गाठा. खाजगी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. हा नंबर चर्चच्या फलकावर, वचनाच्या शेजारी लावा अशी पाळकांना आणि फादरना माझी विनंती आहे. आणि घरात कुणी 'मला जगायचं नाही' म्हणालं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

शंकेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती आपण समजतो तेवढी भयंकर गोष्ट नाही. ज्याने यार्देन नदीत येशूला बाप्तिस्मा दिला, त्याच योहानाने तुरुंगातून निरोप पाठवला, की येणारा तो तूच ना, की आम्ही दुसऱ्याची वाट बघू? येशू त्याच्यावर रागावला नाही. उलट त्याच्या माघारी लोकांपुढे त्याची थोरवी गायली. थोमाला त्याने आपल्या जखमा दाखवल्या. मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, पुस्तकरूपाने निघाली तेव्हा जग चकित झालं. जवळजवळ पन्नास वर्षं या बाईला देव जवळ असल्याचं जाणवत नव्हतं. प्रार्थनेत नुसती पोकळी. तरी रोज सकाळी उठून त्या मिस्सेला जात होत्या आणि रस्त्यावरचं माणूस उचलून आणत होत्या. भावना येतात, जातात. तुम्हाला प्रार्थना करताना काही वाटत नसेल तर काही न वाटता करा. तेही जमत नसेल तर मंडळीत येऊन नुसते बसा. तुमच्या वाटची प्रार्थना शेजारचा म्हणेल. पडलेली माणसं ज्याच्या आधाराने उठतील अशी मंडळी असावी म्हणून तर रविवार आहे.

मग भरवसा ठेवायचा तो कशाच्या आधारावर? मला याचं एकच उत्तर माहीत आहे. आपला देव दुःखाचं स्पष्टीकरण देत नाही, तो दुःखात शिरतो. लाजर मेल्यावर चार दिवसांनी येशू बेथानीला पोचला, तेव्हा मार्थाने तोंडावर सुनावलं, की तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मरीयेनेही तेच म्हटलं. येशूने त्यांना गप्प केलं नाही. तो रडला. लाजराला आपण थोड्याच वेळात उठवणार आहोत हे त्याला ठाऊक होतं, तरी रडला. म्हणून 'ते प्रभूच्या घरी आहेत, रडू नका' या वाक्याला मी हरकत घेतो. पुनरुत्थानावर माझा पूर्ण विश्वास आहे. ज्यांना आपण मातीत ठेवलं ते शरीराने उठतील, असं मी मतसारात दर रविवारी म्हणतो आणि मनापासून म्हणतो. पण ती आशा डोळे पुसायचा हुकूम देत नाही. उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे वण तसेच होते, हे विसरू नका.

निफाड-दिंडोरीकडे आपले पुष्कळ लोक द्राक्षाच्या बागांत राबतात, काहींच्या स्वतःच्या बागा आहेत. ऑक्टोबरात छाटणी, मग डिपिंग, थिनिंग, औषधांच्या फवारण्या, सोसायटीचं कर्ज. आणि माल उतरायच्या वेळी फेब्रुवारी-मार्चमध्ये वीस मिनिटं गारा. घड फुटून रस गळतो, काडीला मार बसतो म्हणजे पुढचं वर्षही गेलं. अशा घरी कुणीतरी हमखास हबक्कूकाचा शेवट वाचतो: अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. सुंदर आहे. पण हबक्कूक तिथे एकदम पोचलेला नाही. त्याचा पहिला अध्याय उघडा. मी किती ओरडू, तू ऐकत नाहीस, अन्याय दाखवतोस आणि बघत बसतोस, असं तो देवाला बोललाय. मग दुसऱ्या अध्यायात म्हणतो, मी बुरुजावर उभा राहतो, बघू हा काय उत्तर देतो. तिसरा अध्याय त्यानंतरचा आहे. बागाईतदाराला पहिल्याच दिवशी तिसरा अध्याय वाचून दाखवू नका. त्याच्याबरोबर बागेत जा, पडलेले घड बघा, तलाठ्याकडे पंचनाम्याच्या मागे लागायला मदत करा. तिसऱ्या अध्यायापर्यंत तो त्याच्या पायांनी येईल.

आणखी एका गोष्टीची आठवण करून देतो. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि बावीस रुग्ण दगावले. कोरोनाच्या लाटेतला तो सगळा महिनाच तसा होता. अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी. कित्येकांना शेवटचं तोंड दिसलं नाही. घरी सांत्वनाला कुणी येऊ शकलं नाही, कारण सगळे आपापल्या घरात कोंडलेले. त्या घरांचं रडणं रडून झालेलं नाही. त्यांना 'आता इतकी वर्षं झाली' असं म्हणू नका. नोव्हेंबरात कबरींवर मेणबत्त्या लावायला जाल, तेव्हा त्या वर्षीच्या कबरी शोधा, घरच्यांशी बोला, गेलेल्या माणसाचं नाव घ्या. नाव ऐकून त्यांना दुःख होईल अशी आपल्याला भीती वाटते. खरं म्हणजे नाव कुणीच घेत नाही याचंच त्यांना दुःख असतं.

ज्यांच्यावर आज वेळ आलीय त्यांना एवढंच सांगतो: आज रात्री दार लावून घ्या आणि जे काही आहे ते देवाला मोठ्याने ऐकवा. शब्द सुचत नसतील तर अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढा, त्यात तयार आहेत. आणि ज्यांचं बरं चाललंय त्यांनी येत्या रविवारी उपासना सुटली की अशा एका घरी जावं. जेवणाचा डबा न्या. किराणा संपलाय का, पोरांची फी भरायची राहिलीय का, ते विचारा. तासभर बसा. ते देवाला बोल लावू लागले तर मध्ये बोलू नका, देवाची वकिली तर मुळीच करू नका. बायबल पिशवीत असू द्या, त्यांनी मागितलं तर काढा. पुढच्या रविवारी परत जा.